वरच्या खोलीचा जिना

मं. ३ जानेवारी
एजंटनं कागद पाहायला आर्किटेक्टबाई आणल्या. बेत सरळ होता: धायरीचं हे घर जाधवांना विकायचं, वारज्यात वैजूच्या इमारतीतला तळमजल्याचा फ्लॅट घ्यायचा. लेक जवळ, सौ.च्या गुडघ्यांना पायरी नको. बाईंनी मंजूर नकाशा उलगडला, वर पाहिलं, पुन्हा नकाशात पाहिलं. "आजोबा, वरची खोली यात नाही."
मी घरपट्टीच्या पावत्यांची फाइल पुढे केली. सव्वीस वर्षांच्या, ओळीनं लावलेल्या, वरच्या खोलीसकट आकारणी. बाई हसल्या नाहीत, हे त्यांचे उपकार. "कर भरला म्हणजे परवानगी मिळाली, असं नसतं हो."

शु. ६ जाने.
शाळेच्या ऑफिसात जन्म गेला. एक शिक्का नाही म्हणून किती पालकांना परत पाठवलं असेल! आणि स्वतःच्या घराला...
तेव्हा इथे ग्रामपंचायत. सरपंच म्हणाले, "बांधा की भाऊसाहेब. तुमची जागा हाय, कोण इचारतंय?" बांधली. पुढच्या साली पावती आली, तिच्यावर गोल शिक्का. शिक्का दिसला की माझं मन निवतं. निवलं.
सौ.: "दुसऱ्यांचे दाखले तपासताना बरा चष्मा सापडायचा."

सो. ९ जाने.
एजंट पुन्हा. जाधवांच्या कर्जासाठी बँकेचा माणूस पाहणीला यायच्या आत खोलीच्या दाराला प्लायवूड ठोकू, पुढे पाण्याची टाकी ठेवू, म्हणे. "जाधवांना कशाला सांगताय काका? पुढचं ते बघतील."
चहा आधणावर होता. तो गाळेपर्यंत त्याला निरोप दिला. दोघांनी त्याच्याही वाटणीचा प्यायला.

गु. १२ जाने.
जाधवांना बोलावून सगळं सांगितलं. मार्केट यार्डात फळांचा गाळा आहे त्यांचा. मोसंबी हातात फिरवून पाहावी तसं त्यांनी मला न्याहाळलं.
"काका, हे आधी सांगायचं व्हतं."
"आधी मलाच ठाऊक नव्हतं."
"बँक कागदाबिगर पैसं सोडत न्हाई. खोली पाडा, उद्या सही करतो. न्हाईतर मंजुरी आणा. महिनाअखेरपर्यंत थांबतो."
फ्लॅटवालाही तेवढाच थांबणार. वैजूचा फोन: "बाबा, पाडून टाका ना. आईचे गुडघे बघा." बरोबरच आहे तिचं.

र. १५ जाने. संक्रांत
वर जाऊन बसलो. फळा, गुंडाळलेल्या चटया, पश्चिमेची खिडकी. संध्याकाळी आळीतली पोरं यायची. मी कुठला मास्तर, साधा कारकून! पण पाचवीच्या पुस्तकातल्या कविता चालीवर म्हणून घ्यायचो. मांडीवर ताल, शेवटचं कडवं उभं राहून. शेतावरून आलेल्या पोरांच्या पायांची माती चटईवर. नदीची कविता आली की त्या खोलीत खरंच पाणी...
खाली आलो. सौ. तिळगूळ वळत होती. म्हटलं, तुझे गुडघे की ती खोली, तूच सांग. पाडायची?
"मी खाली पोळ्या लाटताना ऐकायचे. तुम्ही तिसरं कडवं नेहमी गाळायचात." आणि मग तिनं ते म्हटलं, चालीसकट, लाडू वळता वळता.
पाडायची नाही. मंजुरी आणायची. ठरलं.

बु. १८ जाने.
महापालिकेत अर्ज दिला. बाई म्हणतात खोली दंड भरून नियमित होऊ शकेल, पण बाहेरचा जिना शेजारच्या हद्दीलगतच्या मोकळ्या जागेत आहे, तो तपासणीआधी जायलाच हवा. आतून जिना नव्या नकाशात दाखवलाय.
खिडकीवरच्या मुलीनं एक झेरॉक्स कमी म्हणून परत पाठवलं. रागावलो नाही. तिच्या खुर्चीत मीच दिसलो. झेरॉक्स काढून आणली, पुन्हा रांगेत उभा राहिलो. या वेळी घेतला.

र. २२ जाने.
जिना काढला. सोळा पायऱ्या. प्रत्येक घावाला मनात एक ओळ म्हणत होतो. पायऱ्या आधी संपल्या, कविता उरली.
आता खोली वर आणि वाट नाही. फळा आतच राहिला. काल त्यावर नदीची कविता लिहून ठेवली, तिसऱ्या कडव्यासकट.
जाधव येऊन मान वर करून पाहून गेले. "जिद्दी हाय म्हातारं," असं फाटकाबाहेर कुणाला तरी म्हणाले. मंजुरी मिळेल याची खात्री त्यांना नाही. बाईंनाही नाही.
उद्या ११ वाजता तपासणीचे साहेब. कोपऱ्यावरच्या रंगाऱ्याची शिडी मागून आणली.
सौ.: "या वयात तुम्ही चढणार?"
"साहेब चढतील. मी शिडी धरीन."
"डुगडुगते ती. दुसरी बाजू मी धरते. मला चढता येत नाही, उभं राहता येतं."