आबाच्या पोटाचा फोटो

६ जुलै
आज अमरावती. यायचे, म्हंजे आमच्या प्रज्ञाच्या आबाचे, डोळे हळदीवानी पिवळे झाले म्हणून नेलं. डॉक्टरनं पोटाचा सिटी स्कॅन काढला. स्वादुपिंडात गाठ. पोरानं मले जिन्यापाशी नेऊन सांगतलं, "आई, कॅन्सर वाटते म्हणे. आपरेशन." यायले फक्त कावीळ सांगतली. घरी दर्यापूरले येईलोक मी खिडकीकडंच पाहत होती. हे म्हणे, "काहून वो, आज बस लागते काय तुले?" जलमभर एसटी चालवली यायनं, मागं कोन रडून राहिलं थे आरशात दिसतेच...

७ जुलै
नातीले फोन. प्रज्ञा अकोल्याले डॉक्टर हाये, मशीनच्या फोटोवरून रोग ओळखाचं शिकून राहिली. (मी चवथी पास. घरातली पयली डॉक्टर. लिहूनच ठेवते, बरं वाटते.) मोबाइलवर फोटो पाहिला तिनं. बोटानं मोठा करकरून पाहिला. मंग म्हणे, "आजी, अशी दिसणारी हरेक गाठ कॅन्सरची नसते. आपरेशनची तारीख घेऊ नोका. आबाले अठी आन."

९ जुलै
अकोला. फजिती! परतवाड्याहून काविळीची माळ आणून मी यायच्या सदऱ्याखाली घातली होती. विहारात समजलं तं बाया हासतीन. एमआरआयच्या आंधी अंगावरचं सारं काढा लागते, तठीच निघाली. प्रज्ञानं कमरेवर हात ठेवले. "आजी! तू?" हे म्हणे, "मी नाईच म्हणत होतो. बायकोपुढं कोनाचं चालते?"
मंग पोट्टीनं मले काम्प्युटरवर फोटो दाखवला. "कॅन्सर असला तं बहुतेक वेळा स्वादुपिंडातली नळी गाठीपाशी तुटते. आबाची बारीक झाली, पण आरपार जाते. आन गाठीभोवतीची ही कड पाह्य." दुधावरच्या सायीवानी कड. मले दिसली! आंगच आंगाशी भांडते आन सुजते, असा एक रोग हाये म्हणे, गोळ्यायनं उतरते. तिच्या मोठ्या मॅडमलेही तसंच वाटते. पण वाटते म्हंजे ठरलं नाई.

१४ जुलै
दुर्बिणीतून सुई घालून तुकडा काढला होता. त्यात कॅन्सर नाई. मी पेढे आणाले निघाली तं प्रज्ञानं पदर धरला. "थांब आजी. सुई बाजूनंही गेली असन." आता दोन आठवडे गोळ्या, मंग परत फोटो. सूज उतरली तं कॅन्सर नाई. नाई उतरली तं आपरेशन. हे सारं तिनं आबासमोरच सांगतलं. माहा पोरगा चिडला. हे म्हणे, "मले पयल्याच दिवशी समजलं होतं, तुह्या मायचं तोंड पाहून."

२२ जुलै
यायचे डोळे परत पांढरे झाले. दोन भाकरी खाल्ल्या, झुणक्यात मीठ कमी म्हणून भांडले. किती दिवसानं भांडलो! प्रज्ञाले सांगतलं तं म्हणे, "गोळ्यायनं भूक लागतेच आजी. फोटो काय सांगते थे पाहू."

२९ जुलै
अकोला. फोटो निघाला. आमी दोघं बाहेर बाकावर, वही संगच आणली. काचेआड पोट्टी दिसते. एकीकडं जुना फोटो, एकीकडं नवा, तिची मान इकडून तिकडं. बाजूले मॅडम.
"काय म्हणते वो?"
"पाहून राहिली."
"पाहू दे. तिले घाई नोको करू."
आन माहा हात धरला यायनं, भर लोकायत. उजवाच धरला, तं लिहाले