छत्रधराची पदच्युती

१८ नोव्हेंबर

स्वस्ति श्री. तापीतटनिवासी, त्रिकक्षसदनाधिपती, माध्यमिक-संस्कृताध्यापन-धुरंधर, अष्टमी-ब-वर्ग-कोलाहल-शामक, रिक्षाभाडे-विवाद-विशारद, एकपत्नीव्रती, एककन्यापिता, राजमान्य राजश्री अनंतशास्त्री (पैकी 'शास्त्री' स्वयंघोषित) यांनी आज बुऱ्हाणपूर मुक्कामी शीतोदकाने स्नान केले. कारण न्हाणीघराजवळच्या ज्या सॉकेटवर पाणी तापवायचा रॉड लागतो, त्यावर चि. गार्गीच्या कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या लागल्या होत्या. तिच्या खोलीतला सॉकेट ठिणग्या टाकतो. वायरमन 'गुरुजी, कल पक्का' म्हणून गेला आहे. कोणत्या महिन्यातला कल, हे विचारायचे राहून गेले.

चि. जूनमध्ये बी.कॉम. झाली आणि त्याच दिवसापासून फोटोग्राफर आहे. पुरावा म्हणून एक सेकंडहँड कॅमेरा, आणि राजघाटावरच्या म्हशींची नानाविध भावमुद्रांतील चित्रे. चित्रे उत्तम आहेत. म्हशी मोबदला देत नाहीत.

सौ.ने आज निकाल दिला. खंडव्याला तिच्या भावाचे पाण्याच्या मोटारींचे दुकान आहे. तिथे हिशेबाची खुर्ची रिकामी आहे. "मैत्रिणीच्या लग्नाचं काम मिळालं ते मी धरत नाही. दुसरं काम आपणहून चालत आलं पाहिजे. संक्रांतीपर्यंत. नाही तर खंडवा."

मी तटस्थ. म्हणजे दोघींशी सहमत झालो, निरनिराळ्या खोल्यांत.

२३ नोव्हें.

मैत्रीण म्हणजे पूजा महाजन. वडील केळीचे अडतदार, सासर धूलकोट. लग्न ४ तारखेला, गोरज मुहूर्तावर. चि.चे हे पहिले स्वतंत्र काम. यातली खरी ग्यानबाची मेख तिने आज जेवताना सांगितली : नवरदेवाच्या धाकट्या भावाचे लग्न फेब्रुवारीत ठरले आहे. धूलकोटवाल्यांना हे फोटो आवडले तर तेही काम तिलाच. म्हणजे सौ.ला हवे असलेले 'दुसरे' काम त्याच मांडवात उभे असणार आहे, शेरवानी घालून.

विघ्न : दिवा धरायला जो माणूस ठरला होता, तो जळगावच्या पार्टीकडे गेला. पोरीला रात्री एकटी सोडायला सौ. तयार नाही. दोन प्रश्न, एक उत्तर. उत्तर पंचावन्न वर्षांचे असून त्याचा उजवा खांदा दुखतो.

दिव्याला पांढरी छत्री असते. प्रकाश तिच्यातून गाळून नवरीवर पाडायचा. अस्मादिक आजपासून छत्रधर. पूर्वी हे पद राजदरबारी असे.

२९ नोव्हें.

गच्चीवर तालीम. सौ. वधू, हाती हाराऐवजी वाळत घातलेला टॉवेल.

चि. — "बाबा, थोडा डावीकडे."
मी — "माझ्या की तुझ्या?"
चि. — "नवरीच्या."

नवरी म्हणाली, कुकर लागलाय, लवकर आटपा.

चि.चा आदेश एकच. अंतरपाट खाली आला की हार घालेपर्यंत दोनचार क्षण मिळतात; ते पुन्हा येत नाहीत. तेव्हा छत्रधराने हलायचे नाही. काहीही झाले तरी. मी भीष्मप्रतिज्ञेच्या थाटात हात वर केला. सौ. म्हणाली, "तिथे गायचं नाही. माइक दिसला की तुमचं भान जातं."

हा आरोप अतिशयोक्त आहे. स्नेहसंमेलन वगळता.

५ डिसेंबर

लिहावेसे वाटत नाही. लिहितो.

काल मुहूर्तापर्यंत मी निर्दोष होतो. चि. भुवई उडवी, मी छत्री उचली. ती इतक्या शांतपणे गर्दीतून फिरत होती की ही आपली मुलगी, असे शेजारच्याला सांगावेसे वाटले. सांगितलेही.

मग विधिलिखित. भटजींचा घसा बसलेला. पहिली दोन मंगलाष्टके त्यांनी कशीबशी ओढली आणि माइक घेऊन इकडेतिकडे पाहू लागले. महाजनांनी मला हेरले. "अहो गुरुजी, तुम्ही असताना? एक होऊन जाऊ द्या." मी 'नको' म्हटले. एकदाच म्हटले. शार्दूलविक्रीडितात एक रचना सिद्ध होती. आठवडाभर स्नानाच्या वेळी तिचीच उजळणी चालली होती. चौथ्या चरणात मोठ्या कौशल्याने केळीची बाग आणली होती. ती बाग आता कोणासमोर लावणार?

छत्री सोफ्याला टेकवली. तिचे तोंड नवरीकडेच होते, हे मी शपथेवर सांगेन. पुढचे पंख्याच्या वाऱ्याने केले.

मी डोळे मिटून गायलो. 'सावधान' मीच म्हटले. अंतरपाट खाली आला, अक्षता पडल्या, बँड सुरू झाला. डोळे उघडले तो छत्रीचा समग्र प्रकाश जिलेबीच्या कढईवर, आणि वधूवर काळोखात हार घालून मोकळे. अवघ्या मांडवात त्या घटकेला बेसावध असा एकच मनुष्य होता, आणि माइक त्याच्या हातात होता.

रिक्षात चि. बॅग मांडीवर घेऊन बसली होती. शनवारा दरवाजापाशी आल्यावर म्हणाली, "चाल छान होती, बाबा."

बस. एवढेच.

८ डिसें.

तिने तो फोटो कॉम्प्युटरवर उजळून पाहिला. उजळला की त्यावर रवा सांडल्यासारखे दिसते. नवरीची नथ तेवढी कळते.

"पूजा हसली होती, हार घालताना. मी बघितलं ना." हे ती मला सांगत नव्हती. स्क्रीनला सांगत होती. मी चहा ठेवून मागे फिरलो. बशीत सांडला.

सौ.कडून आज कळले ते असे. महाजनांनी फोटो मागितला तेव्हा चि.ने सांगितले, ऐन वेळी दिवा बंद पडला. छत्रधराचे नाव घेतले नाही. मला हायसे वाटले. मग तसे वाटल्याचे वाईट वाटले. मग भूक लागली. मनुष्यस्वभाव.

१० डिसें.

चि.ला धंद्यातल्या कोणी तरी उपाय सांगितला : हार पुन्हा घालायला लावायचे. सगळेच करतात म्हणे. पूजा एका पायावर तयार, शालू नेसून उभी राहीन म्हणाली. नवरदेवही कबूल.

आडवी आली नवरदेवाची आजी. धूलकोटच्या त्या घरात तिच्या शब्दाबाहेर पान हलत नाही. एकाच जोडप्याने दोनदा वरमाला घालणे शास्त्रात बसते काय, हे जाणत्या माणसाकडून कळल्याखेरीज ती हार हाती घेऊ देणार नाही. आणि महाजन, साक्षात सज्जन गृहस्थ, तिला फोनवर उत्साहाने म्हणाले, जाणता माणूस कशाला शोधायचा, गार्गीचे वडीलच आहेत की. गुरुजींनाच आणतो.

अशा रीतीने आरोपीची न्यायाधीशपदी नेमणूक झाली. विश्वेतिहासात असे क्वचित घडते. पालिकेत घडते.

कोट इस्त्रीला टाकला.

१३ डिसें.

झोप नीट नाही. शाळेत 'गम्' धातू चालवताना मध्येच थांबलो. आठवी-ब सुद्धा गप्प झाली, यावरून चर्येची कल्पना यावी.

पूजाचा फोन आला होता. आजी वाईट नाही, पण दिवा बंद पडल्याचे ऐकल्यापासून तिच्या मनाने घेतले आहे. माळ घालताना प्रकाश गेला, हे बरे लक्षण नव्हे. आता शांत करायची, आणि शांत होईपर्यंत नव्या सुनेने शुक्रवार धरायचे. पूजा हसत सांगत होती. चि. हसली नाही.

विचार करकरून डोके... असो. उद्या सकाळची बस.

१४ डिसें., रविवार

बसमध्ये चि. म्हणाली, "बाबा, फक्त एक वाक्य. चालतं. इतकंच बोला, मैं हाथ जोड़ती हूँ." मराठीतून सुरू होऊन हिंदीत हात जोडले, म्हणजे निकराचे होते. मी वचन दिले. माझ्या वचनांचा बाजारभाव सध्या काय, हे तिच्या तोंडावर दिसले.

ओटीवर खुर्ची मांडलेली. आजी समोर चटईवर, पाय पसरून. शेजारी महाजन. पूजा दाराआड शालू नेसून तयार, धाकटा दीर छत्री उघडून बघतोय. चहा झाला. आजीने विचारले, "मास्तर, आम्ही अडाणी. हार दुसऱ्यांदा घातला तर चालतं का?"

"चालतं," मी म्हणालो. आयुष्यातला माझा सर्वांत लहान प्रबंध. खरा तर होताच. विवाह माळेने होत नाही, सप्तपदीने होतो. चि.ने श्वास सोडला.

पण आजी उठेना. "ते ठीक. पण माळ घालतानाच दिवा का गेला? तेव्हढं सांगा. माझ्या मनातून जात नाही."

आता इथे पुन्हा एक शब्द पुरला असता. 'योगायोग' म्हटले की काम झाले. आजी मान डोलावती, माळा पडत्या, फोटो निघता, फेब्रुवारीचे लग्न चि.चे. आणि पूजा शुक्रवार धरती. चि. माझ्याकडे बघत होती, डोळ्यांनी नको नको म्हणत. दाराआडून बांगड्या वाजल्या.

मी म्हणालो, "आजी, दिवा गेला नव्हता. दिव्याला काही झालं नव्हतं. धरणारा गेला होता."

"कुठं?"

"गायला."

महाजनांनी बशी खाली ठेवली. आजी पुढे वाकून माझ्याकडे बघू लागली. मग म्हणाली, "ते तुम्ही व्हता का? लई लांबवलं. माझे अक्षता धरलेले हात भरून आले."

दीर आधी हसला, मग सगळे हसले, महाजनसुद्धा. न हसणारे ओटीवर दोघे, दोघे एकाच घरातले.

आजीने निकाल दिला. "मग हा अपशकुन नाही. आगाऊपणा हाये. त्याची शांत नसते." शुक्रवार रद्द. तिने स्वतः जाऊन मळ्यातल्या झेंडूचे हार ओवायला सांगितले.

मी छत्रीकडे हात केला. चि. न बघता म्हणाली, "राहू द्या." छत्री दिराने धरली. हलला नाही. मला ओटीच्या टोकाला तुळशीपाशी बसवण्यात आले, फोटोत येणार नाही असे. हार पडताना पूजा हसली की नाही, ते मला तिथून दिसले नाही.

परतीच्या बसमध्ये :

"आता ते म्हणतील, ही मुलगी काम घेते आणि ऐन वेळेला हिचा बाप गायला जातो."
"म्हणतील."
"तुम्ही 'योगायोग' म्हटलं असतं तर काय झालं असतं?"
"शुक्रवार."

खिडकीबाहेर केळीच्या बागा. तिने सांगितले की निघताना पूजा तिचा हात सोडतच नव्हती. आणि मग, "पुढच्या वेळी तुम्ही..." पुढचा वाक्यांश काय असावा, यावर वाटेतले दापोरा गाव सुटल्यापासून चिंतन चालू आहे.

२० डिसें.

हाराचा फोटो आला. स्वच्छ, उजळ. पूजा हसते आहे.

चि. म्हणाली, "हे त्या दिवशीचं हसू नाही." महाजनांना दोन्ही फोटो दिले, काळोखातलाही. त्यांनी उजळ फ्रेम केला. पूजाने मोबाइलवर काळोखातला लावला आहे म्हणे. कारण विचारण्याचा अधिकार मला नाही.

२७ डिसें.

धूलकोटहून काही नाही.

खंडव्याहून रोज. मेहुण्याने खुर्चीला नवी गादी शिवून घेतली आहे, रंगही कळवला. तपकिरी.

चि. सकाळी राजघाटावर जाते, दुपारी परत येते, फोन बघते, उलटा ठेवते, पुन्हा सुलटा करते. मीही तिचा फोन बघतो. सौ. आम्हा दोघांकडे बघते आणि भाजी निवडते. घरात कोणी एका जागी बसत नाही. काल तर शेजारचे विचारून गेले, पाहुणे यायचेत का.

२ जानेवारी

पूजाच्या दिराचा मेसेज, चि.ला : 'आजी बोल रही, संक्रांत के बाद बताएँगे।'

के बाद.

सौ.ला वाचून दाखवला. ती तीळ भाजत होती. म्हणाली, "संक्रांत म्हणजे संक्रांत." थोड्या वेळाने, कढई उतरवताना, "रथसप्तमीपर्यंत संक्रांतीचंच हळदीकुंकू असतं म्हणा." हे कोणाला उद्देशून होते कळले नाही. स्वयंपाकघरात मी एकटाच होतो. 'काय म्हणालीस' असे विचारले तर म्हणाली, "काही नाही. बाजूला व्हा."

चि.ला सांगावे का? उगाच आशा... सांगितले नाही. मग सांगितले. तिने फक्त बॅग उघडून लेन्स पुसली.

७ जाने.

धूलकोटहून अद्याप काही नाही. खंडव्याहून आहे.

छत्री माझ्या खुर्चीला टेकवून ठेवलेली आढळली. तिथे ती कोणी ठेवली, का ठेवली, हा पदाचा पुनर्लाभ की केवळ अडगळ, याचा खुलासा झालेला नाही. उचलून पाहिली. खांदा अजून दुखतो.

तूर्त मुद्दा निराळा आहे. कुठूनही बोलावणे नसताना चि. रोज रात्री सगळ्या बॅटऱ्या भरून ठेवते, आणि सकाळी तपासून पुन्हा लावते, न्हाणीघराजवळच्या सॉकेटवर. थंडी मी म्हणते आहे. आजही स्नान शीतोदकाने. 'एक तरी काढू का?' असे दाराआडून विचारले. आतून 'नको, राहू द्या' असे उत्तर आले. वायरमनला फोन केला. म्हणाला, गुरुजी, कल पक्का.