तळ्याचे पाणी बंद करणेबाबत

१९ जाने., रवि.
सकाळी तळ्यावर. एकटीच. तळं म्हणायचं ते आता सवयीने. चिखल वाळून भेगा पडल्यात, मधोमध पोरांनी स्टंप ठोकलेत. गेल्या वर्षी या दिवसांत इथे इतके फ्लेमिंगो होते की पाणी दिसायचं नाही.

समोरच्या फ्लॅटमधली सुलभा आणि मी रोज साडेसहाला जायचो. पाईप बंद झाला त्या दिवसापासून सु. माझ्याशी बोलत नाही. बोलणार कशी? अर्ज माझाच. पावसाळा संपता संपता सान्वीला डेंग्यू झाला, आठ दिवस नातीच्या उशाशी काढले. डोकं ठिकाणावर नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, तुमचा ड्राफ्टिंगचा हात चांगला." आणि मी फुलले. सगळा जन्म सरकारी टेबलावर गेलेला. तळ्यात खाडीचं पाणी आणणारा पाईप बंद करावा, डास होतात, असा खणखणीत अर्ज ठोकला. माझा कुठलाच कागद आयुष्यात इतका भराभर हलला नव्हता.

पक्षी आलेच नाहीत. जास्त आठवण त्यांची येते की सु.ची, कळत नाही.

२३ जाने., गुरु.
मासे आणायला मार्केटात. दिवाळे गावच्या कोळीणबाईंकडे सहज तळ्याचा विषय काढला. म्हणाल्या, "ताई, भरतीचा पानी रोज येतंय-जातंय, त्याच्यात मच्छर कसा होईल? मच्छर तुमच्या बिल्डिंगच्या पिंपात हाय."
घरी येऊन गच्चीवर गेले. पिंपं पाहिली. पाण्यात अळ्या वळवळत होत्या. आधी का नाही पाहिली? बोंबील साफ करवेनात. शेवटी ह्यांनी केले, वाईट केले.

२८ जाने., मंगळ.
लिफ्टमध्ये कागद लावलाय. रविवारी सकाळी तळ्याभोवती मूक मोर्चा, मानवी साखळी. पक्षी वाचवा. अक्षर सु.चं. सेक्रेटरींचा लगेच फोन : "वहिनी, तुम्ही जाऊ नका. सोसायटीची पोझिशन ऑकवर्ड होते."
ह्यांना विचारलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जा. टोपी घालून जा, ऊन असतं." ह्यांच्याकडून सल्ला म्हणून मिळतो तो एवढाच.

२ फेब्रु., रवि.
गेले. कॉलेजची मुलं, आजोबालोक, बाबागाडीतली बाळं. कुणीतरी हातात पाटी दिली : "आमचं पाणी सोडा". घोषणा नाहीत, सगळे गप्प. बरं वाटलं. मला बोलायचं नव्हतंच.

साखळी करताना मध्ये जागा राहिली म्हणून एका मुलीने मला दंडाला धरून पुढे नेलं आणि नेमकी सु.शेजारी उभी केली. हात धरावा लागला. गार होता. पाच-सहा मिनिटं. इतक्या महिन्यांत तेवढंच.

मग त्या मुलीने त्यांच्या तक्रारीला पालिकेच्या ऑफिसातून आलेलं उत्तर वाचून दाखवलं. "स्थानिक रहिवाशांच्या लेखी मागणीनुसार, डासांचा वाढता उपद्रव लक्षात घेता..." माझं वाक्य. स्वल्पविरामासकट. मागून एक जण म्हणाला, "कोण आहेत हे रहिवासी, जरा दाखवा तरी."
सु.ने मान खाली घातली. लाज वाटली, फार.
साखळी सोडायची शिट्टी झाल्यावर तिने हात सोडला. "तू कशाला आलीस?"
म्हणाली आणि गर्दीत गेली.

३ फेब्रु., सोम.
सु. माझ्याकडे बोट दाखवू शकली असती. दाखवलं नाही.

७ फेब्रु., शुक्र.
दुसरा अर्ज दिला. सोसायटीच्या लेटरहेडवर नाही, माझ्या एकटीच्या नावाने. तीन दिवस लागले. आधी "अनवधानाने" लिहिलं होतं, खोडलं. "माझी चूक झाली, पाईप उघडावा" असं लिहिलं. सरकारी कागदात हे शब्द पहिल्यांदाच लिहिले.
खिडकीवरचा क्लार्क : "मॅडम, बंद करायचा अर्ज पण तुमचाच ना?"
"हो."
"मग आता?"
"आता उघडा."
हसला. म्हणे उघडायला स्थळपाहणी लागते, मग अहवाल, मग वरची मंजुरी. बंद करताना यातलं काय लागलं होतं, विचारलं. त्याने पोचेचा शिक्का मारून कागद माझ्याकडे सरकवला.
झेरॉक्स सु.च्या दाराखालून आत सारली.

१२ फेब्रु., बुध.
सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी माझ्या दुसऱ्या अर्जाचा निषेध केलाय. वाचला. दार उघडलं नाही. समोरचंही नाही.

१ मार्च, शनि.
काल अमावस्या, आज उधाण. दुपारी बांधावर गेले. खाडीच्या बाजूला पाणी काठोकाठ, बांधाला लागलेलं. अलीकडे तळं कोरडं ठणठणीत. मध्ये तो बुजवलेला पाईप. साडेबाराला खाडीवरून फ्लेमिंगो आले. गुलाबी, मान लांब काढून. तळ्यावर एक फेरी मारली, खाली आले, आणखी खाली, आणि तसेच वर उचलून निघून गेले. जाताना बघवेना.

मागे वळले तर सु. उभी. किती वेळ, देव जाणे.
म्हणाली, "अर्ज लिहिलास त्याचं नाही गं मला. सान्वीसाठी मीही लिहिला असता. पण इतकी वर्षं दोघी मिळून बघत होतो हे. लिहिण्याआधी माझं दार का नाही वाजवलंस?"
काहीतरी गोड बोलता आलं असतं, हात चांगला आहे. पण खरं तेच सांगितलं. म्हटलं, "अर्ज लिहिताना मला पक्षी आठवलेच नाहीत, सुलभा. तूही नाहीस."
ती खाडीकडे वळली. मग म्हणाली, "मला तेच वाटलं होतं."
गेली नाही मात्र. ओहोटी लागेपर्यंत दोघी बांधावर उभ्या होतो, मध्ये हातभर अंतर.