पुलावर मागून येणारी पावलं

५ जानेवारी
शुगरने घरातलं माणूस हिरावलेल्या शहागडकरांनो! (समोर कोणी नाही. रविवारच्या पदयात्रांसाठी सराव.) आपल्याला लुटलं ते कार्बोहायड्रेटने! माझ्या श्रीपतीदादाचा आधी पायाचा अंगठा नेला, दिवाळीत दादाच नेला. म्हणून आजपासून भाकरी, पोळी, भात बंद. रोज पहाटे उपाशीपोटी वॉक, गोदावरीच्या पुलावरून.

८ जानेवारी
वॉक झकास. हात थरथरले, थंडी असावी. परतल्यावर चहा आणि क्रीमची बिस्किटं. बिस्किटं म्हणजे जेवण नव्हे. नियम शाबूत.

१२ जानेवारी, सकाळी
पुलावर मागून पावलं ऐकू आली. एक ठाम, एक घासत. अंगठा कापल्यापासून दादा असाच चालायचा. वळून पाहिलं. कोणी नाही.
मी विवेक मंडळाचा वक्ता. भुताखेतांवर गावोगाव आसूड ओढणारा. ट्रकचा आवाज असणार. पुन्हा मागे पाहिलं नाही, ते केवळ वेळ वाचवायला.

१७ जानेवारी
काल संध्याकाळी कडूबाच्या शेतात हुरडा. कार्बवर जळजळीत बोललो. हुरडा हिरवा, म्हणून भाजीत धरला, पोटभर खाल्ला. कडूबा म्हणाला, "मंग हीच ज्वारी पिकल्यावर इख व्हती का, मास्तर?" लोक खिदळले. मी माफ केलं.
आज पहाटे पूल गप्प होता. योगायोग.

२१ जानेवारी
पावलं पुन्हा रोज. थांबलो की अगदी पाठीशी येतात. बायकोला सांगणार नव्हतो, सांगितलं. द्वारका म्हणाली, "भाऊजी येत असले तर येऊ द्या. पण तुम्ही भाकर खाऊन जा. तोंड बघा, कसं उतरून गेलंय!" आहारशास्त्र तिला कळत नाही.

२५ जानेवारी, रविवार
पदयात्रा. पुलाच्या मध्यावर पावलं इतकी जवळ आली की "दादा!" ओरडून खाली बसलो. लोकांनी भाषण समजून टाळ्या वाजवल्या. कडूबाने केळं भरवलं, अंबडच्या दवाखान्यात नेलं.
डॉक्टर म्हणाले, शुगर नाही तुम्हाला. उपाशी चालता, म्हणून घाम, थरथर. कानात वाजतं ते तुमचंच काळीज. बिस्किटं सोडा, ज्वारीची भाकरी, डाळ, उसळ खा, मग खुशाल चाला.

२९ जानेवारी
मटकीची उसळ, अर्धी भाकरी खाऊन निघालो. पाय हलके, दम भरपूर. पूल कधी संपला कळलं नाही.
पावलं आली नाहीत. मुद्दाम हळू चाललो. कठड्याला टेकून उभा राहिलो. नुसते ट्रक.

३० जानेवारी
आजही भाकरी. आजही कोणी नाही. एवढ्या एनर्जीचं करायचं काय?
पण दोन दिवसांवरून निष्कर्ष काढणं अवैज्ञानिक. उलट पडताळणी अत्यंत आवश्यक. द्वारका, उद्या सकाळी मला भाकरी देऊ नकोस.