शिवलीलाचं गिऱ्हाईक

८ ऑगस्ट
शिवलीलाचं नवं ऑफिस बघून आले. सात रस्ता चौकात, काचेचं दार! कॉलेजात माझ्याच शेजारी बसून अक्षरं गिरवायची. मी अजून घराच्या माळ्यावर, आईच्या पापडाचे डबे बाजूला सारून कॉम्प्युटर मांडलाय. "छान गं," म्हणाले. पेढा न खाताच पर्समध्ये टाकला. भिंतीवर तिनं डिझाइन केलेले बॉक्स लावलेत — चटणीचे, चादरींचे. चांगले आहेत. तेच तर!

११ ऑगस्ट
मोहोळहून महेश्वरीताईंचा फोन. ज्वारीची बिस्किटं करतात, पाकिटाचं डिझाइन हवंय. नवीन गिऱ्हाइकाला विचारते ते सगळं विचारलं — शेवटचा शब्द कुणाचा? आधी कुणाकडून काम करून घेतलंत, त्यांना का सोडलंत?
"शेवटचा शब्द माझाच. आणि आधीचं कोण असणार? हातानंच चिठ्ठी चिकटवते की!"
सरळ बाई. असं गिऱ्हाईक शोधून सापडत नाही. उद्या-परवा होकार कळवते म्हणाले.

१३ ऑगस्ट
सोमशेखर म्हणून एकजण आले. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना. लग्नात आहेर करायच्या टॉवेलांना बॉक्स हवाय. आधी कोण करत होतं?
"त्या शिवलीला मॅडम. काय सांगू तुमाला! फोन उचलत न्हाईत, रंग फिके, आन् तोरा केवढा!"
माझा नियम आहे — पहिल्याच भेटीत आधीच्या डिझायनरला नावं ठेवणाऱ्याचं काम घ्यायचं नाही. उद्या तो आपल्यालाही ठेवणार. पण काय गोड लागत होतं ऐकायला! दुसऱ्यांदा चहा टाकला. "तोरा म्हणजे कसा?" असंसुद्धा विचारलं!
काम घेतलं. एका वेळी दोन कामं मला झेपत नाहीत. महेश्वरीताईंना दिवाळीनंतर बघू म्हणून कळवलं.

१४ ऑगस्ट
शेवटचा शब्द कुणाचा, हे विचारायचंच राहिलं.

२२ ऑगस्ट
सोमशेखरनी मला त्यांच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातलंय! आधी सुविचार, मग माझा बॉक्स. आत्याला गुलाबी हवा. मेहुण्याला मोर हवा. वडील, महादेवप्पा, कानडीत लांबलचक बोलून पाठवतात. सोमशेखर त्याचं मराठी करतात — "अप्पा म्हणतेत, उठाव न्हाय." एवढ्या बोलण्याचा एवढाच अर्थ?
सोडून द्यायला हवं हे काम. पण ते आले की मी विचारते, "आणि शिवलीलाकडे काय व्हायचं?" ते सांगतात. मी परत मोर काढायला बसते.

२ सप्टेंबर
महेश्वरीताईंचा मेसेज. "ताई, मी दुसरं कुणी बघते. दसऱ्याला माल दुकानात जायचाय."
रडू आलं. फोन आला त्याच दिवशी मी पाकिटाचं कच्चं चित्र काढून ठेवलं होतं. ज्वारीचं कणीस इतकं झकास उतरलं होतं!

९ सप्टेंबर
आज मोराची मान बदलायची होती. मी बदलली. सोमशेखर ती बघून म्हणाले, "एक बोलू का मॅडम? रागावू नका. त्या शिवलीला मॅडमचा हात मात्र लई साफ होता."
अंगाचा तिळपापड झाला! "मग जा की तिच्याकडंच!" ॲडव्हान्स परत केला, ग्रुपमधून बाहेर पडले. आई जिन्याखालून विचारत राहिली, काय झालं गं, काय झालं. काही नाही म्हणाले.
खरं तर त्या माणसावर मी चिडलेच नाही. तिचा हात साफ आहे, हे मला कॉलेजपासून माहीत आहे. म्हणूनच जळते मी तिच्यावर. दुसऱ्याच्या तोंडून ऐकवलं नाही, एवढंच.

१८ सप्टेंबर
शिवलीलाचा फोन. "तो टॉवेलवाला परत आलाय गं माझ्याकडं. बसल्या बसल्या तुला शिव्या घालत होता."
"मग? हाकललंस ना?"
"काम घेतलं."
"वेडी आहेस का?"
ती म्हणाली, "जो येतो तो तुझं कौतुकच करत येतो, दुर्गे. तुला नावं ठेवणारं आज पहिल्यांदा कुणी भेटलं. मी तर त्याला जेवूनच जा म्हटलं!"