सहावी डबी

मंगळ, १ जुलै २०१४
तिसरी डबी मिळाली. बसस्टॉपमागच्या रेलिंगखाली चुंबकाने चिकटवलेली, फिल्मच्या रोलची जुनी डबी. आत गुंडाळलेला कागद, त्यावर आधी येऊन गेलेल्यांची नावं. मी ‘सुनंदा, पुणे’ लिहिलं. सेम्बावांग, हा इथला पत्ता, लिहायला हात धजेना.

शोधाशोधीचा खेळ आहे. एकूण नऊ डब्या, इथल्या नऊ नामवंत गायकांच्या नावाने लपवलेल्या. फोनवरच्या ॲपमध्ये प्रत्येक गायकाचं एक पान. त्याच्या गाण्याची पहिली ओळ पाश्चात्त्य नोटेशनमध्ये दिलेली. सुरांचे आकडे करायचे, आकड्यांचे अक्षांश-रेखांश मांडून जागा काढायची. लेकीच्या, इराच्या शाळेतल्या रेकॉर्डरच्या, म्हणजे तिथल्या बासरीच्या पुस्तकावरून त्या रेघा नि टिंबं शिकले. सा म्हणजे एक, रे म्हणजे दोन. चौदा वर्षं मुलींच्या शाळेत गाणं शिकवलं, त्याचा चार वर्षांत इथे झालेला पहिला उपयोग.

परत आले तेव्हा आई, म्हणजे सासूबाई, झोपलेल्याच होत्या. कुलूप आवाज न करता उघडता येतं आता.

शुक्र, ४ जुलै
कुठेच नाही. आईंना दोन वेळा आंघोळ. पहिली झाल्याचं त्यांना पटेना, मी वाद घातला नाही. दुपारी त्यांनी विचारलं, “तुमचे यजमान काय करतात?” म्हटलं, तुमचाच मुलगा आहे तो, कॉम्प्युटरमध्ये. “असं का,” म्हणाल्या. बरं वाटलं त्यांना ते ऐकून.

इराची परीक्षा सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोवर भारतात जायचं नाव काढायचं नाही. आईंचा व्हिजिट पास सप्टेंबरात संपतो. तो वाढवायचा फॉर्म फ्रिजवर लावलाय. श्रीकांत रोज बघतो आणि पाणी पिऊन जातो.

बुध, ९ जुलै
कुलपाबद्दल लिहून ठेवते, म्हणजे माझं मलाच कळेल.
मे महिन्यात आई दार उघडून गेल्या. तीन तासांनी पलीकडच्या वस्तीत, यीशूनच्या बसस्टॉपवर सापडल्या, पायात एकच चप्पल. तेव्हापासून बाहेरच्या जाळीच्या दाराला कुलूप, एक किल्ली माझ्या गळ्यात, दुसरी श्रीकांतकडे. घरात राहणारी हेल्पर जूनमध्ये गेली, नवीन मिळेना. आई एक ते तीन झोपतात, गाढ. मी मंगळ-गुरु त्या वेळात जाते. बाहेरून कुलूप लावून.
श्रीकांतला माहीत नाही. भाजीला जाते एवढंच ठाऊक.

मंगळ, १५ जुलै
चौथी, पाचवी झाली. सहावी अडलीय. मलय बाई, जुन्या सिनेमात गायची. आकडे मांडले तर जागा थेट समुद्रात, मलेशियाच्या वाटेवर. इरा इथल्या इंग्रजीत म्हणाली, “आयया मम्मा, यू काउंट राँग लाह.” चार वेळा मोजलं.

मग गाणंच ऐकलं, भांडी घासताना, कानात वायर घालून. चौथा सूर कागदावर म आहे. बाई ग लावते. स्पष्ट ग, जरा रेंगाळून. चाराच्या जागी तीन घातला तर जागा किनाऱ्यावर येते, जेटीमागच्या झाडांत.
डब्या लपवणाऱ्याला मेल केली. रेडिओवरून निवृत्त झालेला कोणी म्हातारा आहे, एवढंच त्याच्या पानावर.

गुरु, १७ जुलै
त्याचं उत्तर. चूक त्याचीच. वर्षभर लोक ‘सापडली नाही’ लिहून जात होते, सगळ्यांना वाटलं डबी चोरीला गेली. कोणी गाणं ऐकलंच नव्हतं. शेवटी लिहिलंय, “तुम्ही गाता का?”
हो लिहिलं. मग ते पुसून ‘गात होते’ केलं. मग मेल पाठवलीच नाही.

आज आईंचा डोळा लागला नाही, जाता आलं नाही. दिवसभर दाराजवळ उभ्या. “किल्ली कोणाकडे आहे? मला घरी जायचंय.” घर म्हणजे मिरज. ते विकून सहा वर्षं झाली. सांगत नाही मी.

मंगळ, २२ जुलै
सहावी मिळाली. झाडाच्या बेचक्यात, मुंग्या लागलेली. कागदावर वर्षभरात एकही नाव नव्हतं. माझंच पहिलं.

तीनच्या आत घरी पोचता आलं असतं. सव्वादोनची बस समोर उभी होती. मी चढले नाही. जेटीवर गेले, चहा घेतला, बाकावर बसले. पाण्यावर ऊन होतं, एक माणूस गळ टाकून बसला होता, आणि मला कोणी काही विचारत नव्हतं. त्या बाईचं गाणं मी तोंडाने म्हटलं. हळू, पण सगळं. आणखी दोन बसेस गेल्या.

उशीर झाला नाही, मी केला. हे उद्या बदलून लिहायचं नाही.

घरी पोचले ते पावणेचारला. लिफ्टचं दार उघडलं तर आमच्या दारापुढे माणसं. आईंनी कुलपापर्यंत पोचायला जाळीतून हात बाहेर घातला होता, कोपराच्या वरपर्यंत, आणि तो अडकला. दंड सुजलेला, काळानिळा. शेजारच्या रोहानी बाहेरून त्यांचा तळवा धरून उभ्या होत्या. तासभर तशाच. रोजे चालू आहेत त्यांचे, पाण्याचा थेंब पोटात नाही. हाताला तेल चोळत होत्या आणि मलयमध्ये काहीबाही बोलत होत्या, आणि आई त्यांना मराठीत उत्तरं देत होत्या.

मी कुलूप काढलं तरी हात निघेना. आणखी तेल, साबणाचं पाणी. शेवटी निघाला. आई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तुम्ही किल्लीवाल्या का? फार वेळ लावलात.”

बुध, २३ जुलै
हाड मोडलेलं नाही. पंधरा दिवस हात झोळीत.
श्रीकांतला सांगितलं, दार अडकलं होतं, मी खाली कचरा टाकायला गेले होते. त्याने विश्वास ठेवला. तेच जास्त लागलं. इरा जेवताना ताटात बघत होती. तिला रोहानींनी सांगितलेलं दिसतंय.

रोहानींकडे गेले, माफी मागायला. त्या शांतपणे म्हणाल्या, “आधीही दोनदा ती दाराशी रडत होती. मी बोलायला हवं होतं तुझ्याशी.” कधी, विचारलं. एकदा गुरुवारी. आणि एकदा शनिवारी.
शनिवारी मी कुठे जात नाही. म्हणजे सकाळी बाजारात जाते, पण तेव्हा श्रीकांत घरी असतो.

रवि, २७ जुलै
इराला संध्याकाळी खाली खेळायला पाठवलं आणि श्रीकांतला सगळं खरं सांगितलं. डब्या, मंगळवार, जेटी, सोडलेल्या बसेस. वाटलं होतं ओरडेल. तो कपड्यांच्या घड्या घालत राहिला.
मग म्हणाला, “शनिवारी तू बाजारात जातेस ना, तेव्हा इराला ट्यूशनला सोडून मी लगेच परत येत नाही. खाली गाडीतळाच्या कट्ट्यावर बसतो. नुसता. तासभर.”
“आणि आई?”
“कुलूप लावतो.”
दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही. नंतर त्याने त्याच घड्या पुन्हा घातल्या.

सोम, २८ जुलै
रोहानींकडे ईद. त्यांनी डबा भरून गोड पाठवलं. आईंनी सगळं खाल्लं, विचारलं, कोणाचं लग्न?
श्रीकांतने दोन गोष्टी मांडल्या. एक, इथे आईंना वृद्धांच्या संस्थेत ठेवायचं. दोन, मी त्यांना घेऊन सांगलीला जायचं, नणंदेच्या शेजारी खोली घेऊन, इराची परीक्षा होईपर्यंत तरी. तो आणि इरा इथे. “तू ठरव,” म्हणाला. मोठेपणा दिल्यासारखं. मी म्हटलं, “दोन्हीकडे किल्ली माझ्याच गळ्यात आहे, श्रीकांत.” तो म्हणाला, “मग तिसरं सांग. मला सुचत नाहीये, खरंच.” खरंच सुचत नव्हतं त्याला. चेहऱ्यावर दिसत होतं.

शनि, २ ऑगस्ट
तिसरं काही नाही सापडलं. रोहानी आठवड्यातून एक दुपार आईंजवळ बसते म्हणाल्यात. एक दुपार.
इराने विचारलं, “आर यू गोइंग अवे?” मराठीत विचार म्हटलं. बराच वेळ शब्द जुळवत होती. “तू मला सोडणार का?” मराठीत जास्त वाईट वाटलं ते.
रेडिओवाल्याची पुन्हा मेल. सातवी-आठवी राहिल्यात अजून, पण नववी मरीन परेडला आहे म्हणतो, शहराच्या दुसऱ्या टोकाला. आणि दहावी मी लपवावी, आमच्याकडच्या एखाद्या गायिकेची, असं त्याला वाटतं. ती कायम सांभाळायला मात्र इथे राहणारा माणूस लागतो, असा नियम आहे.

मंगळ, ५ ऑगस्ट
पासची मुदत वाढवायचा फॉर्म भरला. सही राहिलीय. पर्समध्ये टाकला.
दुपारी आईंना झोपवलं नाही. साडी नीट नेसवली, झोळी बांधली, इतकं चालवणार नाही म्हणून व्हीलचेअरमध्ये बसवलं. त्यांच्यासह पहिल्यांदाच निघाले, मरीन परेडला, एवढ्या लांब. जाळीचं दार ओढून घेतलं. लिफ्टची वाट बघताना त्यांनी मान वळवून विचारलं, “कुठे चाललोय आपण?”
“बाहेर, आई.”
“परत यायचंय का?”
लिफ्ट आली. मी खुर्ची आत ढकलली. त्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि मीही.