उंबऱ्यापर्यंत

प्रिय रेश्मा,

पत्राला फार उशीर झाला, पोरी, राग धरू नको. तुझी आई जागी असली की लिहिता येत नाही, आणि ती झोपली की माझा हात चालत नाही. सातवीपर्यंत शिकलेल्या माणसाचं अक्षर आहे, सांभाळून घे. बाळाचा खोकला गेला का? ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून छाती शेकत जा, पण आधी आपल्या गालाला लावून बघ.

तू फोन का उचलत नाहीस, ते मला ठाऊक आहे. शेवटचं बोललीस तेव्हा म्हणालीस की, सासूबाई एवढ्या लांबून आजाऱ्याला बघायला आल्या, आणि आईला उंबऱ्यापर्यंत यायलासुद्धा जड झालं. कुंकूही लावलं नाही. तुझ्या सासूबाई खोटं बोलल्या नाहीत. तसंच घडलं.

आईचा खुबा बदलल्यावर डॉक्टरांनी बजावलं होतं, खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पुढे वाकायचं नाही. म्हणून तर मी श्रीपूरच्या सुताराकडून उंच खुर्ची करून घेतली. त्या दिवशी ती खुर्चीवरच होती. पण पंगत मांडली खाली. ती खुर्चीवरून उतरायला लागली तसं मी डोळ्यांनी दटावलं, तर मलाच म्हणाली, "गप ऱ्हावा की. पोरीची सासू पाटावर आन मी वर बसू व्हय? लोक तोंडात शेण घालतील." भिंत धरून बसली. एवढंच करून थांबली असती तरी चाललं असतं. विहीणबाईंच्या पोळीवर तूप वाढायला ती पुढे वाकली आणि आत काहीतरी सरकलं. तुपाची वाटी मात्र सांडू दिली नाही. तिच्या कपाळावर घाम आला. मला वाटलं, उकाड्यानं आला असेल.

मंडळींना एसटी गाठायची होती. विहीणबाई कुंकवासाठी उंबऱ्यात थांबल्या. ही जागची हलेना. हसून म्हणाली, "पायाला मुंग्या आल्यात, हितनंच नमस्कार करते." विहीणबाईंचा चेहरा उतरला. मीही मनात चिडलो, खोटं कशाला सांगू? मंडळी वळणाआड गेली आणि मग तिनं दातांत गच्च धरलेला पदर तोंडातून काढला. तिचं ओरडणं ऐकून शेजारचा हरिबा हातातली बादली टाकून धावत आला.

बदललेल्या खुब्याचा गोळा त्याच्या वाटीतून निसटला होता. सोलापूरला आणून भूल दिली आणि तो परत बसवला. मी तेव्हाच तुला कळवणार होतो. तिनं तुझ्याच बाळाची शपथ घातली. म्हणाली, "त्यांच्या घरी कळलं तर आपल्यामुळं झालं म्हणून झुरतील, न्हायतर पोरीला जन्मभर टोमणा. त्यापेक्षा मी गर्विष्ठ ठरलेली बरी." जावयांना सांगावं, तर ते पहिल्यांदा आपल्या आईलाच विचारतील. म्हणून गप्प बसलो.

आता मात्र शपथ मोडतो आहे. देव मला काय करायचं ते करो, बाळाला काही लागू नये. परवा नुसती कूस बदलताना गोळा पुन्हा निसटला. आम्ही परत दवाखान्यात आहोत. डॉक्टर म्हणतात, पुन्हा उघडावं लागेल, आणि छाती कमजोर आहे म्हणून खात्री देत नाहीत. शुक्रवारी सकाळी नेणार आहेत. इंजेक्शनच्या गुंगीत सारखी म्हणते, विहीणबाई उभ्या आहेत, कुंकवाचा करंडा आणा. पोस्टाचा भरवसा नाही, म्हणून आपल्या गावचा मानसिंग ट्रक घेऊन तुमच्या पुण्याला निघालाय त्याच्याकडे हे देतो. मिळालं की लगेच फोन कर. माझ्याशी बोलू नकोस हवं तर. मी फोन तिच्या कानाशी धरीन, तू नुसतं आई म्हण. शुक्रवारच्या आत म्हण, पोरी. मी फोन हातातच धरून बसलोय.

तुझाच,
आप्पा